पुराचा वन्समोर

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानाच्या मुलखात, नाटकाचा खरा धनी कुठं बसतो ते नवख्या माणसाला दिसत नाही. रंगमंचासमोर, प्रेक्षकांच्या पायाशी, कंबरभर खोल खड्डा खणलेला असतो. त्यात पेटीवाला, तबलजी आणि प्रॉम्प्टर. नट आज एका गावाहून येतात, उद्या दुसऱ्याहून, तालमी जेमतेम. मग शब्द कोण पुरवणार? खड्ड्यातला माणूस. राजा विसरला की तो राजा होतो, राणी अडली की तो राणी होतो, आणि टाळ्या मात्र वर वाजतात.

पवनीचे तेजराम मेश्राम हे असे राजा-राणी होत म्हातारे झाले. त्यांची मुलगी रश्मी लहानपणी त्यांच्याच मांडीशी, त्या खड्ड्यात बसून नाटकं बघायची. खालून बघितलेलं नाटक वेगळंच असतं. नटीच्या पायातला तुटका पैंजण दिसतो, खलनायकाच्या जोड्याचं भोक दिसतं. तरीही तो ओरडला की अंगावर काटा येतो. पोरीला त्या जागेचं वेड लागलं ते लागलंच. ‘नटी होशील का?’ असं कुणी विचारलं की ती नकारार्थी मान हलवायची. तिला तोंडाला रंग नको होता, तिला खड्डा हवा होता. पण बाईमाणसाला खड्ड्यात काम काय? तिला तिथं बसवावं हे तेव्हा कुणाला सुचलं नाही.

मग शिक्षण झालं. पवनीच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये ती कॉम्प्युटर शिकवायला लागली. मालकाला विंडोज विकत घ्यायचं जिवावर आलेलं, म्हणून सगळ्या मशिनींवर लिनक्स. काळ्या पडद्यावर आज्ञा लिहायची, मशीन ती पाळतं. एकाखाली एक अशा आज्ञा लिहून फाईल केली की झाली शेल स्क्रिप्ट. फाईल एकदा सुरू करायची आणि हाताची घडी घालून बसायचं. रश्मीला ते पहिल्या दिवसापासून ओळखीचं वाटलं. तिच्या लेखी ती प्रॉम्प्टरची वहीच होती.

इन्स्टिट्यूट बंद पडली तेव्हा रश्मी चाळिशीला टेकली होती. त्याच दिवाळीला नाट्यमंडळाचे मालक वीरेंद्रभाऊंनी कुठूनशी दिव्यांची एक सेकंडहँड पेटी आणली, सोबत एक लॅपटॉप. पेटीतून रंगमंचाचे सगळे दिवे चालायचे, पण ते तिच्यासोबत आलेल्या प्रोग्रामनं, आणि तो प्रोग्राम फक्त विंडोजचा. पाऊस, गडगडाट, कोल्हेकुई हे सगळे आवाज दुसऱ्या प्रोग्राममध्ये, तोही विंडोजचा. ही पेटी चालवायला ठेवलेला माणूस आठ दिवसांत पळून गेला. मग तेजराम वीरेंद्रभाऊंना म्हणाले, “माही पोरगी पाहून घेईन. पाह्यजा तरी एकदा.”

“बाईमाणूस खड्ड्यात?” वीरेंद्रभाऊ म्हणाले.

“मशीन बाई-माणूस पाह्यते का जी?”

अशी रश्मी खड्ड्यात उतरली. बापाच्या शेजारी, पण या वेळी मांडीशी नाही, बरोबरीनं.

नाटक होतं ‘दगा दिला पाण्यानं’. दोन भाऊ, एक वाडी, एक पूर. थोरला दुष्ट, तो शेवटी पुरात वाहून जातो. थोरल्याचं काम बाबूलालकडे. हा माणूस रंगमंचावर सैतान आणि बाहेर सगळ्यांना चहा पाजणारा. धाकट्याची बायको कामिनी, गाणारी नटी. तिचं दुसऱ्या अंकातलं गाणं म्हणजे मंडळाचा हुकमाचा पत्ता.

रश्मीनं लॅपटॉप उघडला. दिव्यांच्या प्रोग्रामची एक खिडकी, आवाजांच्या प्रोग्रामची दुसरी. माऊस या खिडकीतून त्या खिडकीत पळवायचा, तोवर वर थोरला वाहून गेलेला. हातानं हे होणार नव्हतं. इथे स्क्रिप्टच हवी. पण लॅपटॉप विंडोजचा, आणि तिला येत होतं ते लिनक्सचं.

तिला ठाऊक होतं की विंडोजच्या पोटातच लिनक्ससारखा वागणारा एक माहोल बसवता येतो, फुकटात. तिथं शेल स्क्रिप्ट चालते, आणि त्या स्क्रिप्टमधून विंडोजचे प्रोग्रामही बोलावता येतात. म्हणजे संहिता एका भाषेत, नट दुसऱ्या भाषेचे, आणि मध्ये तो माहोल दुभाष्या. तिनं तो बसवला. पहिल्यांदा आज्ञा लिहिली आणि खड्ड्यातून तिच्या एका बोटानं वरचे सगळे दिवे निळे झाले, तेव्हा तबलजीनं आपणहून एक तिहाई वाजवली.

दुभाष्या गुणी होता, पण जरा जास्तच गुणी. फायलींचे पत्ते तो आपणहून विंडोजच्या ढंगात बदलून द्यायचा, ते सोयीचं होतं. मात्र तिरक्या रेघेनं सुरू होणारं काहीही दिसलं की त्याला तो पत्ताच वाटायचा. विंडोजच्या प्रोग्रामला ‘थांब’ सांगणाऱ्या आज्ञेत अशा तिरक्या रेघा होत्या. दुभाष्यानं त्यांचेही पत्ते केले, विंडोजला काही कळलं नाही, आणि तालमीत पाऊस थांबेचना. रंगमंचावर धाकट्याचं लग्न, वर सनई, आणि मांडवात मुसळधार.

“वं रश्मी,” कामिनी मुंडावळ्या सावरत वरून म्हणाली, “छत्री तरी पाठव. माहं लगन भिजून राहिलं.”

“पाणी हाये तोवर भात लावून घ्या म्हणा,” बाबूलाल विंगेतून बोलला.

सगळे हसले. रश्मीही हसली, पण डोकं मशीनमध्ये. त्या ठिकाणी रेघ दुहेरी केली की दुभाष्या त्या रेघेकडे कानाडोळा करतो, हे तिला शोधाअंती सापडलं. पाऊस थांबला. मग दुसरा धडा: स्क्रिप्ट एक प्रोग्राम सुरू करून त्याचं काम संपेपर्यंत वाट बघत उभी राहायची, म्हणजे दिवे मंद होईपर्यंत वीज कडाडायची नाही. तिनं स्क्रिप्टला, प्रोग्राम मागे चालू सोडून, पुढं जायला शिकवलं. आता वारा, वीज, पाणी, दिवे, सगळे एकदम, जसे खऱ्या पुरात येतात तसे.

मग तिनं सबंध तालीम घड्याळ लावून बघितली. कोणत्या वाक्याला किती वेळ, कोणत्या गाण्याला किती, सगळं स्क्रिप्टमध्ये उतरवलं. खेळाच्या दिवशी एकदा सुरू करायची की शेवटचा पडदा पडेपर्यंत सगळं आपोआप. तेजरामांना दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “हे ऐकते का वं, का नुसतं बोलते?”

“कोणाचं ऐकाचं हाये, बाबा? सगळं लिहूनच त देलं.”

म्हाताऱ्यांनी आपली वही बगलेत मारली.

पहिला खेळ एका लहानशा गावी झाला. पहिला अंक असा गेला की वीरेंद्रभाऊ विंगेतून अंगठा दाखवत होते. दुसऱ्या अंकात कामिनी गायली. आणि लोकांनी तेच केलं जे झाडीपट्टीत लोक आमच्या आज्यापणज्याच्या काळापासून करत आले आहेत. वन्समोर. कामिनी पुन्हा गायली. पुन्हा वन्समोर. मग बक्षिसं. आपल्याकडं गाणं आवडलं की माणूस उठतो, मंचाजवळ येतो, नाटक थांबतं, आणि सूत्रधार ध्वनिक्षेपकावर त्याचं नाव पुकारतो. एक उठला की शेजारचा कसा बसून राहील? रांग लागली.

नाटक थांबलं. स्क्रिप्ट कशाला थांबते? तिला काय ठाऊक, वर कोणाचा सत्कार चाललाय. “गावचे माजी सरपंच यांच्याकडून कामिनीताईंना...” एवढं सूत्रधार म्हणतो न म्हणतो तोच अंधार झाला, वीज कडाडली आणि धो-धो पूर आला. माजी सरपंच जागच्या जागी खाली बसले. मांडवात हशा पिकला तो शेवटपर्यंत ओसरला नाही. रश्मीनं स्क्रिप्ट बंद पाडली आणि उरलेलं नाटक दोन पिवळ्या बल्बांवर झालं. बाबूलाल तर पूर नसलेल्या पुरात, कोरड्या फळ्यांवर हातपाय मारून मेला.

खेळानंतर तो खड्ड्याच्या काठावर येऊन बसला. “बाई, तुमचा पूर माह्या एंट्रीच्या आधीच येऊन गेला. मी कोरडाच मेलो. असं मरण दुश्मनालेही नोको.” आणि तिच्या हातात चहाचा कप दिला.

वीरेंद्रभाऊ मात्र हसत नव्हते. “रश्मीबाई, आता आसगावची मंडई हाये. सारा तालुका जत्रेले येते. तिथं असं झालं त माहं मंडळ लोक मावशीच्या लग्नातही नाई बोलावनार. मी नागपूरच्या एका पोराले सांगून ठेवलं हाये. आसगाव जमलं त तुम्ही. नाई जमलं त तो.”

रश्मी घरी आली. तिला राग मशीनचा नव्हता. लहानपणापासून त्या खड्ड्यात बसून तिनं किती वन्समोर ऐकले असतील! आणि स्क्रिप्ट लिहिताना तिनं रिकाम्या मांडवातली तालीम मोजली, माणसांनी भरलेला मांडव विसरली.

तुळसाबाईंनी, तिच्या आईनं, ताट वाढलं. “जेव. कायले डोळे लाल करून राहिली? तुह्या बापाचंही पहिलं नाटक असंच झालं. शेवटच्या अंकाचं पान आधी उलटवलं आन् हिरो पहिल्याच अंकात मेला.”

“मग काय केलं जी बाबा तुम्ही?” रश्मीनं विचारलं.

तेजराम घास थांबवून म्हणाले, “त्याले म्हटलं, उठ. देवीनं वाचवलं म्हण.” मग तो घास खाऊन, “मी वहीकडं कमी पाह्यतो, रश्मी. पब्लिककडं जास्त. पब्लिक थांबली त मी थांबतो.”

आणि ते पुन्हा भात कालवू लागले.

रश्मीनं स्क्रिप्टमधल्या सगळ्या वेळा काढून टाकल्या. एकही आकडा ठेवला नाही. आता स्क्रिप्ट प्रत्येक प्रसंगाशी येऊन थांबायची आणि रश्मीच्या बोटाची वाट बघायची. एक कळ: पुढं चल. दुसरी कळ: वन्समोर, मागचा प्रसंग पुन्हा. तिसरी कळ बक्षिसाची: आवाज बंद, दिवे अर्धे, सूत्रधारावर पिवळा झोत, आणि बक्षीस आटोपलं की नाटक जिथं होतं तिथं जसंच्या तसं परत.

वन्समोरनं तिला सगळ्यात जास्त छळलं. गाणं पुन्हा सुरू करणं सोपं. पण मागच्या वेळचे विंडोजचे प्रोग्राम पार्श्वभूमीत अजून चालूच असायचे, आणि त्यांच्यावर नवे येऊन बसले की वाऱ्यावर वारा, गडगडाटावर गडगडाट, आणि दिव्यांची पेटी दोन मालकांचे हुकूम ऐकून गोठून जायची. म्हणून तिनं लिहिलं: आधी सगळ्यांना थांबव, मग ते खरोखर उठून गेले की नाही ते बघ, एकजण जरी रेंगाळत असला तरी थांब, आणि मंच पूर्ण रिकामा झाल्यावरच नव्यानं सुरू कर.

“हे फक्त गाण्याले लावू का सगळ्याच प्रसंगाले?” तिनं बापाला विचारलं.

“लाव सगळ्याले. लोक काय मागतील त्याचा नेम नाई. एका गावानं त माह्यासमोर बापाच्या मयतीले वन्समोर देल्ला होता.”

त्या वर्षी निवडणुकीची आचारसंहिता लागलेली, भोंगे दहाला बंद. रात्रभर चालणारं नाटक आसगावला दुपारी चारलाच उभं राहिलं. मंडईचा दिवस, बाहेर पाळणे, जिलेबीच्या कढया, धानाचं काम आटोपून आलेली माणसं. आत काळ्या कापडानं झाकलेला मांडव, आणि त्यात तीळ ठेवायला जागा नाही. पुढं बायका सतरंजीवर, मागं बाप्ये खुर्च्यांवर, त्यांच्या मागं बांबूंवर चढलेली पोरं.

पहिला अंक शांतपणे गेला. दुसऱ्यात कामिनी गायली, वन्समोर आला, रश्मीनं कळ दाबली. दिवे पुन्हा पहिल्या गुलाबी रंगाला गेले, सूर लागला. पुन्हा वन्समोर, पुन्हा गुलाबी. बक्षिसांची रांग लागली. पिवळा झोत सूत्रधारावर, बाकी मंच मंद, जणू नाटक श्वास घेत बसलंय. शेवटचं नाव पुकारून झालं तसं कामिनीच्या चेहऱ्यावरचं चांदणं परत आलं. पेटीवाल्यानं मान वळवून रश्मीकडे बघितलं आणि तिच्याकडे पानाचा विडा सरकवला.

विंगेत वीरेंद्रभाऊ उभे होते. अजून त्यांचा अंगठा वर आला नव्हता. पूर बाकी होता.

पूर आला. आधी वारा, लांबून, नदीवरून यावा तसा. दिवे एकेक करून निळे, मग काळपट. वीज चमकली आणि एका निमिषासाठी वाडी दिसली, भाऊ दिसले, पुन्हा काळोख. मग पाण्याचा तो आवाज, आधी पायाखालून, मग छातीतून. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पाय पोटाशी घेतले, खरं सांगतो. बाबूलालनं शेवटची किंकाळी फोडली. थोरला भाऊ वाहून गेला. अंधार. शांतता.

आणि त्या शांततेतून बायकांच्या बाजूनं एक जाडसर, जुनाट आवाज आला, “वन्समोर.”

मांडव एकदम हसला, आणि लगेच सगळ्या मांडवानं तेच धरलं. वन्समोर, वन्समोर. मागची बांबूंवरची पोरं शिट्ट्या मारायला लागली. पुराला वन्समोर! तेजरामांनी मयतीला ऐकला होता, पुराला कधीच नाही. त्यांनी रश्मीकडे बघितलं.

रश्मीनं कळ दाबली.

काहीच झालं नाही. वर मिट्ट काळोख. स्क्रिप्ट वाट बघत होती. वारा, वीज, पाणी, सगळे उठून जाईपर्यंत ती पुढं सरकणार नव्हती. रश्मीला पडद्यावर दिसत होतं, दोन गेले, एक रेंगाळतोय. विंगेत वीरेंद्रभाऊंनी डोक्याला हात लावला. मागच्या गावचं तेच पुन्हा, त्यांना वाटलं. विंगेच्या आत बाबूलाल नुसत्या बनियनमध्ये बसून चहा पीत होता. त्याच्या लक्षात आलं की आपल्याला परत मरायचंय, तसा त्यानं कप कामिनीच्या हातात दिला, सदरा उलटाच अंगात घातला आणि अंधारातच धावत सुटला.

आणि त्या रिकाम्या, काळ्या क्षणात लोक आपोआप गप्प झाले. एवढा मोठा मांडव, पण पाळण्याची करकर बाहेरून ऐकू यावी इतका गप्प. रेंगाळणारा गेला. लांबून, नदीवरून, वारा आला.

दुसऱ्यांदाचा पूर पहिल्यापेक्षा भारी झाला. पुढं काय होणार ते लोकांना माहीत होतं, म्हणून ते अधिक घाबरले. नाटकाची ही गंमत असते. बाबूलाल उलट्या सदऱ्यात असा बुडाला की बायकांनी दुष्टासाठी पदर डोळ्याला लावला. पुन्हा अंधार, पुन्हा वन्समोर. तिसऱ्यांदा रश्मीनं कळ दाबली, आणि तिसऱ्यांदा बाबूलाल वाहून गेला तेव्हा खुर्च्यांवरचे बाप्येसुद्धा उठून उभे राहिले.

मग बक्षीस आलं. आसगावच्या बचत गटाच्या मंगलाबाई मंचाजवळ आल्या. सूत्रधारानं चिठ्ठी न बघताच कामिनीचं नाव घ्यायला तोंड उघडलं, तशा मंगलाबाई म्हणाल्या, “तिले नाई जी. त्या खड्ड्यातल्या बाईले. साडी-चोळी हाये आमच्याकडून. पूर तिनं आणला.”

रश्मीनं सवयीनं बक्षिसाची कळ दाबली. दिवे अर्धे झाले, पिवळा झोत सूत्रधारावर पडला, आणि सूत्रधार ध्वनिक्षेपकावर म्हणाला, “रश्मी तेजराम मेश्राम, यांना...” पुढचं तिला ऐकू आलं नाही. तेजराम उठून उभे राहिले होते. खड्ड्यात नाटक चालू असताना ते कधीच उभे राहिले नव्हते. त्यांनी पोरीच्या काखेत हात घातला आणि तिला वर, फळीवर, उजेडात चढवलं. एवढ्या वर्षांत मेश्रामांच्या घरातलं कुणीतरी पहिल्यांदा खड्ड्यातून वर आलं. टाळ्या वाजत होत्या त्या, या वेळी, योग्य माणसासाठी.

नाटक साडेनऊला संपलं. मंचामागं वीरेंद्रभाऊ फोनवर होते, रश्मीला ऐकू जाईल अशा बेतानं. “हाव भाऊ... नाई, नाई, येऊ नोका. आमच्याकडं मानूस हाये. हाव, सीझनभर.” फोन खिशात टाकून ते म्हणाले, “रश्मीबाई, कराराचं उद्या बोलू. आता जेवून घ्या.”

“करारात लिहून घेजा,” बाबूलाल सदरा सरळ करत म्हणाला, “दर खेळी मी एकदाच मरन. वन्समोरचं मरण येगळं धराचं.”

मांडव रिकामा होत होता. सतरंज्या गुंडाळणारे थांबले होते, कारण एक म्हातारी खड्ड्याच्या काठावर येऊन आत वाकून बघत होती. चंद्रभागाबाई, गावातल्याच, पहिला वन्समोर त्यांनीच दिला होता.

“पाणी कुठून सोडलं वं बाई?” त्यांनी विचारलं. “मले त खालीवर कुठंच दिसून नाई राहिलं.”

रश्मीनं हात देऊन त्यांना खाली उतरवलं, आपल्या जागेवर बसवलं आणि त्यांचं बोट धरून कळीवर ठेवलं. “इथून, आजी. दाबून पाहा.”

आजीनं आधी लुगड्याला बोट पुसलं. मग दाबलं. रिकाम्या मांडवात, गुंडाळलेल्या सतरंज्यांवरून, वारा आला, दिवे निळे झाले, वीज चमकली. आजी दोन्ही हात वर करून खदखदून हसल्या आणि आसगाव पुन्हा एकदा पुरात बुडालं.